नोनी हर्लिही आणि मयतीची गाडी

सकाळच्या बातम्या संपल्या की आमच्याकडे रेडिओवर मेलेल्यांची नावं वाचतात. वाचणारी बाई सावकाश वाचते. नाव, गाव, घर, कुणाचा नवरा, कुणाची बहीण, प्रार्थना कुठे, दफन कुठे. तेवढा वेळ आमच्या अख्ख्या किलड्रोमा गावात कुणी बोलत नाही. नोनी हर्लिही तर रेडिओसमोर उभी राहूनच ऐकायची, काळ्या कोटाच्या एका बाहीत हात घालून. नाव ओळखीचं निघालं की दुसरा हात घालायचा. ओळखीचं नाही निघालं तरी बहुधा घालायचीच. आपण मेलेल्याला ओळखत नसलो तरी त्याच्या घरातलं कुणीतरी आपल्याला ओळखत असणार, असं तिचं म्हणणं.

तीन परगण्यांतली एकही मयत तिनं चुकवली नाही. बुटकी बाई, नाक लाल, डोक्यावर प्लास्टिकची पावसाळी टोपी आणि बुडाखाली एक लाल डिझेल गाडी. ती गाडी चालली की मागचा रस्ता दिसेनासा व्हायचा. पण नोनी कधी एकटी गेली नाही. वाटेत जो उभा दिसेल त्याला गाडीत घालायची. माणूस बाजाराला निघालेला असला तरी नोनीबरोबर मयतीला पोचायचा. तिथे मागच्या रांगेत उभा राहायचा, घरच्यांचे हात हातात घ्यायचा, हॅमची सँडविच खायचा आणि परतताना म्हणायचा, "चांगली मोठी मयत झाली." आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही. एखाद्यानं जन्मभर काय केलं ते कुणी विचारत नाही. मयतीला माणूस किती होतं, ते विचारतात.

नोनीच्या या वेडाला कारण होतं, आणि ते ती न रडता सांगायची. तिचा भाऊ कॉन तरुणपणी लिव्हरपूलला बांधकामावर गेला, तिथेच म्हातारा झाला आणि तिथेच गेला. नोनी रात्रीची बोट पकडून पोचली. चर्चमध्ये पाद्री, खड्डा खणणारे दोघे आणि ही. "खणणाऱ्यांना मी म्हटलं, फावडी ठेवा आणि टोप्या काढा, तुम्हाला धरून आपण चौघं होतोय. बिचारे उभे राहिले. त्यातला एक तर रडला. कोण कुठला, पण रडला." बोटीतून उतरल्यावर तिनं ठरवलं, आपल्या भागातलं कुणीही रिकाम्या बाकांसमोरून जाणार नाही.

आता तेलाकडे येते.

एका हिवाळ्यात समुद्रानं आमचा एकुलता एक रस्ता पुलाजवळ खाल्ला. तेलाचा टँकर यायचा थांबला. इथे प्रत्येक घरामागे तेलाची टाकी असते आणि तिच्यावर घर गरम राहतं. टाक्या एकामागून एक कोरड्या पडल्या. मास्तरांनी शाळेच्या जुन्या खुर्च्या जाळल्या, आल्डोच्या तळलेल्या मासे-चिप्सच्या दुकानात लोक चिप्स न घेता नुसते ऊब घ्यायला रांग लावू लागले. रस्ता झाला, टँकर आला, आणि लोक सगळं विसरायला लागले. मी विसरू दिलं नाही. चौदाव्या वर्षी शाळा सोडून मासळीच्या कारखान्यात उभी राहिलेली बाई मी. तेलाबद्दल जे कळतं ते बंदरावरच्या वाचनालयात बसून कळलेलं, त्यामुळे मला कुणी पढतमूर्ख म्हणायची सोय नव्हती. मी घरोघर फिरले, माणसं गोळा केली आणि समिती काढली. पंधरा वर्षांनी आजच्या निम्मं तेल मिळालं तर गाव कसं जगेल, एवढा एकच प्रश्न.

घरं आम्ही पटापट सुधारली. माळ्यांवर मेंढीची लोकर भरली. पाद्र्याच्या कुरणात बटाटे लावले, ओढ्याकाठी जळणासाठी विलोची झाडं लावली. अडलं ते रस्त्यावर. मी आठवडाभर पेट्रोल पंपावर उभी राहिले आणि येईल त्याला विचारलं, कुठे चाललास. मला वाटलं होतं, कामाला, बाजाराला, पोरांना शाळेत सोडायला. तसे होते. पण त्याहून जास्त होते मयतीला. एकाच पाणंदीतल्या पाच घरांतून पाच गाड्या निघायच्या, एकामागे एक त्याच चर्चला जायच्या आणि पाचही गाड्यांत एकेक माणूस.

पुढच्या सभेत मी उभी राहून सरळ सांगितलं. "एका पाणंदीतून एका मयतीला एकच गाडी. पाळी लावून घ्या."

सभागृहात अशी शांतता झाली, जणू मी रेडिओवर नावं वाचत होते. मग मागून नोनी उठली.

"उना, पोरी, पाळी म्हणजे कसं?"

"आज तू जा, उद्या शेजारीण जाईल. तिनं तुझ्या वतीनं हात हातात घ्यायचा."

"माझ्या वतीनं." नोनीनं ते तोंडात घोळवून पाहिलं. "म्हणजे मेलेल्याची बायको दारात हात पुढे करून उभी. आणि तिला सांगायचं, नोनीची पाळी पुढच्या मयतीला आहे, तेव्हा आणखी कुणी मेलं तर ती येईल."

लोक हसायला लागले. मला हसणं सहन होत नाही. "नोनी, तुझी ती गाडी धूर किती सोडते, कधी मागे वळून पाहिलंयस?"

"मी मागे बघत नाही. गाडी पुढे बघून चालवतात."

"पुढचं तरी दिसतं का?" बॅट लीही खिडकीतून ओरडला. हा आमच्या गावातला सगळ्यात मोठा दूधवाला शेतकरी. समिती म्हणजे रिकाम्या बायकांचा खेळ असं त्याचं मत, आणि ते ऐकवायला तो प्रत्येक सभेला यायचा. मात्र आत कधी बसला नाही.

त्याचं बोलणं खरं ठरलं. नोनीनं पोस्टाच्या हिरव्या पेटीजवळ गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाली, "बस, मी तिकडेच चाललेय." पेटी बसेना. नोनी रागावली. "काय रे, तोंड शिवलंय का? एवढा कसला माज?" मागे बारा गाड्या थांबल्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या भाचीनं तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि परवाना गेला तो गेलाच.

लाल गाडी गोठ्यात गेली. कोंबड्यांनी मागची सीट घेतली.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लोकांना जन्मभर गाडीत घातलं, आता कुणीतरी तिला नेईल की. नेत होते ना. दारात येऊन हॉर्न वाजवत होते. नोनी जात नव्हती. "मी लोकांना घेऊन जाणारी. बॅटच्या पिकअपमध्ये कुत्र्याशेजारी बसून मयतीला जाऊ?" ती कोट घालून रेडिओसमोर उभी राहायची, नावं ऐकायची आणि कोट काढून ठेवायची. महिन्याभरात तिचं तोंड सुकलं. कॉनच्या मयतीत ती तशी दिसली असेल, असं मला वाटायचं.

एका सकाळी ती माझ्या दारात. टेकडी उतरून चालत आलेली, बूट चिखलानं भरलेले.

"तुझ्या त्या योजनेत सगळ्यांची मिळून एक गाडी होती," ती म्हणाली. "कुठाय?"

"कागदावर."

"कागदावर बसून मी मयतीला जाऊ? आण ती खाली."

"तूच म्हणत होतीस ना, दुसऱ्याच्या गाडीत बसणार नाही म्हणून?"

"दुसऱ्याच्या नाही. सगळ्यांच्या म्हणजे माझी पण. मी पुढे बसणार. आणि कुणाला घ्यायचं ते मी सांगणार."

तिच्या सांगण्यावरून मी गाडी शोधायला निघाले, हे गावात कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

गाडी आणली. बंद पडलेल्या नर्सरी शाळेची जुनी मिनीबस होती. मॉसी टूमीनं ती दुरुस्त केली. मॉसी म्हणजे गॅरेजवाला, बोलण्याच्या बाबतीत कंजूष. पंपावरचं डिझेल कशाला घालायचं, म्हणून त्यानं आल्डोच्या कढईतलं वापरलेलं तेल घ्यायचं ठरवलं. नोनीच्या जुन्या लांब मोज्यांतून गाळायचं, त्यात काय काय औषधं मिसळायची, ती त्याची त्यालाच माहीत, आणि टाकीत ओतायचं. गाडी चालली. चालली म्हणजे थंडी नसताना चांगली चालली. थंडीत तेल घट्ट व्हायचं आणि गाडी दुखऱ्या गुडघ्यानं चालावं तशी चालायची. शिवाय ती जिथून जाईल तिथे तळलेल्या माशाचा वास. मयतीहून येणाऱ्यांच्या काळ्या कोटांना तो वास बसला तो गेलाच नाही.

विमा आणि मॉसीचा पगार जिल्ह्याच्या वाहतूक कचेरीनं दिला, एका हिवाळ्यापुरता. तिथला फॅनिंग नावाचा बारीक, नम्र, डब्लिनचा माणूस येऊन सांगून गेला, मार्चमधल्या सेंट पॅट्रिकच्या सणाआधी मी स्वतः बसून बघेन. गाडी भरलेली असली तर पुढे चालवू, नाहीतर हा पैसा दुसऱ्या गावाला. नोनीनं त्याचा हात हातात घेतला आणि सवयीनं म्हणाली, "वाईट झालं हो."

डिसेंबर-जानेवारी आम्हाला चिंता नव्हती. त्या दिवसांत आमच्याकडे माणसं जातात. गाडी प्रत्येक मयतीला ठासून भरायची. नोनी पुढच्या सीटवर, रस्त्यावर कोण उभं आहे ते मॉसी तिला सांगायचा आणि ती म्हणायची, "घे." कामाला जायला जे लोक एकमेकांच्या गाडीत कधी बसले नव्हते, जे पोट दुखलं तरी स्वतःची गाडी काढायचे, त्यांनाही मयतीला एकत्र जायला लाज वाटत नव्हती. बॅट सोडून. तो मागून पिकअप घेऊन यायचा.

अडचण दुसरीच निघाली. गाडी मंगळवारी बाजाराला आणि गुरुवारी दवाखान्याला न्यायची असं ठरलं होतं. कुणी चढेना. कारण गाडी मयतीची झाली होती. रस्त्यावरून गेली की बायका छातीवर क्रूस काढायच्या. पहिल्याच गुरुवारी हॅना कोकली दात काढायला गाडीतून गेली. गाल सुजलेला, तोंडाला रुमाल. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा तीन शेजारणी दारात हॅम आणि केक घेऊन उभ्या. "कोण गं? तुझा भाऊ का?" हॅनाला बोलता येईना, दाताच्या जागी कापूस. तिनं मान हलवली, ती त्यांनी होकारार्थी घेतली. भावाला कळलं तेव्हा तो पबमध्ये होता. त्याला बघून पबवाल्याला धक्का बसला, आणि जिवंत निघाला म्हणून त्याला फुकट तीन ग्लास मिळाले, ते वेगळे.

त्यानंतर मंगळवारी गाडीत नोनी आणि मी. नोनी बाजारात काही घ्यायची नाही. गाडी रिकामी जाऊ नये म्हणून बसायची.

आणि फेब्रुवारीत लोक मरायचे थांबले.

मी हे थट्टेनं लिहीत नाही. रेडिओवर आमच्या भागातलं नावच येईना. एक आठवडा झाला, दुसरा झाला. नोनी कोटाच्या एका बाहीत हात घालून उभी आणि बाई दूरदूरची गावं वाचतेय. मी सकाळी तिच्याकडे जायचे.

"कुणी?"

"कुणी नाही."

"बरं झालं."

"बरंच झालं," नोनी म्हणायची आणि रेडिओ असा बंद करायची की बटण तुटेल. मग स्वतःशीच क्रूस काढायची. "देवा, मी कुणाची वाट बघत नाही. तुला माहीत आहे."

फॅनिंग यायचा दिवस ठरला. आणि नेमका तेव्हा जेर डॅन आजारी पडला.

जेर डॅन नव्वदी ओलांडलेला, लग्न न केलेला, नोनीचा बांधाशेजारचा. एका फाटकावरून दोघांचं भांडण पस्तीस-एक वर्षं चाललं होतं, त्यामुळे ते रोज बोलायचे. छातीत पाणी झालं म्हणून त्याला शहरातल्या रुग्णालयात नेलं. त्यानं खाणं सोडलं. पाद्र्यानं जाऊन मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावलं. बातमी पसरली आणि मयतीला जायचंच आहे तर आधी एकदा तोंड बघून येऊ, म्हणून लोक गाडीत चढले. रोज. उभं राहायला जागा नाही. नोनी पुढे, मांडीवर केकचा डबा.

पलंगाभोवती काळे कोट गोळा झाले. जेर डॅन डोळे मिटून पडलेला. मग नाक हललं.

"कुणी चिप्स आणल्यात?" तो म्हणाला.

"नाही रे. प्रार्थना कर."

"मासा आहे. मला वास येतोय. लपवू नकोस, नोनी, तुझी सवय माहीत आहे मला."

तो वास आमच्या कोटांचा होता. चार दिवस सकाळ-संध्याकाळ आमची वास मारणारी रांग त्याच्या उशाशी. पाचव्या दिवशी त्यानं नर्सला सांगितलं, मासा आणि चिप्स मिळाल्याशिवाय मी मरणार नाही. मिळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितले. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी घरी न्या.

शुक्रवार म्हणजे फॅनिंगचा दिवस. नोनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"बरा झाला," ती म्हणाली.

"असं तोंड काय केलंस? आनंदाची गोष्ट आहे."

"आनंदच आहे. पण बऱ्या माणसाला आणायला कोण येणार गाडीत? मी विचारून आले. कुणाच्या गाई आहेत, कुणाची केस कापायची वेळ आहे. मेला असता तर गाई राहिल्या असत्या." मग तिनं टोपीची गाठ सोडली. "गाडी गेली तर मी पुन्हा रेडिओसमोर, उना."

तिला धीर कसा द्यायचा ते मला येत नाही. मी चहा दिला.

शुक्रवारी कडाक्याची थंडी. फॅनिंग आला, मागच्या सीटवर गुडघे जवळ घेऊन बसला. गाडीत तो, मी, नोनी, हॅना आणि हॅनाची बहीण. चौघी काळ्या कोटात, कारण शहरात जायला आमच्याकडे दुसरा बरा कोट नसतो. रुग्णालयातून जेर डॅनला घेतलं, पांघरुणात गुंडाळून नोनीशेजारी पुढे बसवला. त्यानं सगळ्यात आधी फाटकाचं भांडण काढलं, म्हणजे खरंच बरा होता.

परतीच्या वाटेवर तेल घट्ट झालं. मॉसी म्हणाला, "हम्म." गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीवर आली.

आता मागून एक गाडी आली. तिला पुढे जायचं होतं. तिनं आमची मिनीबस पाहिली, काळे कोट पाहिले, आमची चाल पाहिली आणि दिवे लावून मागे राहिली. मयतीच्या पुढे आमच्याकडे कुणी गाडी काढत नाही. तिच्यामागे दुसरी आली, तिनंही दिवे लावले. मग बॅटचा पिकअप, मागे कुत्रा. मग बॅटचा पिकअप, मागे कुत्रा. वळणावर मी मागे पाहिलं तर टेकडीच्या पलीकडपर्यंत दिव्यांची रांग.

"हे लोक आपल्याबरोबर आहेत का?" फॅनिंगनं विचारलं.

"नाही," मी दात आवळून म्हटलं. तेल वाचवायला काढलेली गाडी आणि तिच्यामागे अर्ध्या परगण्याचं डिझेल पहिल्या गिअरमध्ये जळत होतं.

गावात शिरलो. किराणावाल्यानं पडदा ओढला. शाळेपुढे मास्तरांनी पोरांना दोन्ही बाजूंना रांगेत उभं केलं. फाटकांवरच्या पुरुषांनी टोप्या काढल्या. जेर डॅन खिडकीतून हात हलवत होता. पोरांनी हात हलवले, मोठ्यांनी हलवले नाहीत. म्हाताऱ्या मिसेस ड्युअननं त्याला बघून दार आतून लावून घेतलं.

"आज काय आहे?" जेर डॅन म्हणाला. "कोण गेलं?"

"गप्प बस," नोनी म्हणाली. "मला दिसत नाही. उना, कोण कोण आहे?"

मी सांगितलं. नोनीचं नाक आणखी लाल झालं. राग की आनंद, कळेना.

आल्डोच्या दुकानासमोर मॉसीनं गाडी थांबवली, कारण टाकीत गरम तेल घातल्याशिवाय ती चढ चढणार नव्हती. मागची रांगही थांबली. दारं उघडली. लोक उतरले, कोटाची बटणं लावली, टोप्या हातात घेतल्या आणि चिप्सच्या दुकानासमोर ओळीनं उभे राहिले. आल्डो एप्रनला हात पुसत बाहेर आला आणि त्यानंही मान खाली घातली.

मी बॅटला गाठलं. "कुणाच्या मयतीला आलास?"

"कुणाची आहे?"

"मी तुला विचारतेय."

"मला काय माहीत. पुढे मयत होती, मागे लागलो. पुढे कसं जाणार?"

"टँकरवाला?"

"तो माझ्यामागे होता."

एवढ्यात नोनी उतरली. काळा कोट, पुढची सीट, लाल नाक. घरची तीच, असं सगळ्यांनी धरून घेतलं. रांग हलली. पहिल्यानं तिचा हात हातात घेतला, "वाईट झालं, नोनी." दुसऱ्यानं घेतला. नोनीनं जन्मभर दुसऱ्यांचे हात घेतलेले, तिचा कुणी असा घेतला नव्हता. तिनं कुणाचा हात मागे सारला नाही. तिच्याशेजारी जेर डॅन पांघरूण घेऊन उभा राहिला, तर लोकांनी त्याचाही हात घेतला.

"वाईट झालं, जेर."

"आभारी आहे," जेर डॅन म्हणाला. "मला दोन दिवसांपासून बरं वाटतंय."

चार-पाच माणसं पुढे सरकल्यावर त्याच्याशी हात मिळवलेल्यांपैकी एकाला शंका आली. रांगेच्या पुढच्या टोकाला हसू फुटलं, मागच्या टोकाला अजून प्रार्थना चालू होती.

फॅनिंग माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. हुशार माणूस, त्याला एव्हाना सगळं कळलं होतं. "मला वाईट वाटतं," तो हळूच म्हणाला, "पण गाडीत पाच प्रवासी होते. बाकीचे मागे होते."

नोनीनं ते ऐकलं. तिनं बॅटचा हात धरलेला होता, तो सोडला नाही.

"बॅट, तुझ्या आईच्या मयतीला मी कुठे होते?"

"चर्चच्या दारात."

"पाऊस होता का?"

"होता."

"कसा?"

"आडवा."

"तुझ्या बापाच्या?"

"कबरीजवळ. तुझी टोपी उडाली होती."

"मंगळवारी गाडी बाजाराला जाते. तू त्यात बसशील."

बॅटनं इकडेतिकडे पाहिलं. मागे लोक उभे. "नोनी, माझा पिकअप..."

"आडवा पाऊस होता, बॅट."

"बसेन." मग त्याच्या तोंडून असं काही निघालं, जे मी दोन वर्षं सभांत ओरडून सांगत होते. "नाहीतरी तुमच्यामागे असंच रांगायचंय. मग डिझेल माझं का जाळू?"

पुढचा हात. "शीला, तुझा नवरा."

"तू रात्रभर बसली होतीस माझ्याशेजारी, नोनी."

"गुरुवारी. दवाखाना."

"येईन."

ती अशी रांगेच्या शेवटापर्यंत गेली. एकेकाचा हात धरायचा, एकेक मयत काढायची. टँकरवाला पलीकडच्या परगण्यातला, सुटलो असं त्याला वाटत होतं. त्याच्या मावशीच्या मयतीला नोनी होती. फॅनिंगनं खिशातून पेन काढलं, परत ठेवलं आणि म्हणाला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत तरी चालू राहील, मी बघतो. मग त्यानं आल्डोकडे मासा मागितला. आल्डोनं सगळ्यांनाच दिला. मयतीनंतर लोकांना उपाशी पाठवतात का?

तेव्हापासून गाडी मंगळवारी भरलेली जाते. बायका अजून क्रूस काढतात, आतले लोक हात हलवतात. समितीच्या पंधरा वर्षांच्या योजनेत रस्त्याच्या प्रकरणात मी नवं वाक्य घातलं, की लोक कुणाच्या सोयीसाठी बसणार नाहीत, पण नोनीला नाही म्हणणार नाहीत. समितीतल्या एका शिकलेल्या बाईनं ते खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही.

त्या शुक्रवारी जेर डॅनला आम्ही त्याच्या फाटकाशी सोडलं. फाटक ढकलता येईना, पस्तीस वर्षांत गंजलेलं. नोनीनं उतरून ढकललं. पहिल्यांदाच.

"नोनी," तो फाटक धरून म्हणाला, "मोठी होती ना गं?"

"मोठीच होती. टँकरपर्यंत रांग होती."

"मिसेस ड्युअन आली नाही."

"दार लावून घेतलं तिनं. मी लक्षात ठेवलंय."

"खऱ्या वेळी एवढे येतील का?"

"येतील. मी आणेन सगळ्यांना," नोनी म्हणाली आणि त्याच्या पांघरुणाचं टोक नीट केलं. "फक्त मंगळवारी जाऊ नकोस. मंगळवारी गाडी बाजारात असते."